दुरडीतले लोहजीव

उदगीर, सोमवार, ७ मार्च १९८३

।। श्री गुरु बसवलिंगाय नमः ।।

सिंधु,

हे पत्र अव्वाचं, तुझ्या आईचं आहे, अप्पांचं नाही. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम त्यांच्या हातून घालून घेतला, म्हणजे तू निदान फोडशील तरी. एवढी लबाडी आधीच सांगून टाकते. सकाळी लिंगपूजेला बसले तेव्हा शिवाला सांगितली, आता तुला.

कागदाच्या पाठीवर आपल्या लोखंडाच्या दुकानाचं बिल छापलेलं दिसेल, 'जि. उस्मानाबाद' म्हणून. गेल्या पंधरा ऑगस्टला आपण लातूर जिल्ह्यात गेलो आणि चार बिलबुकं निकामी झाली. अप्पा बंबात घालायला निघाले होते. मी म्हटलं, जिल्हा बदलला म्हणून कागदाची पाठ काय बदलली? कोरी आहे की.

तू किनवटला गेलीस त्याला ह्या वैशाखात दोन वर्षं होतील. तुझी कार्डं दुकानाच्या पत्त्यावर येतात. 'अप्पा, मी बरी आहे. शाळा बरी आहे. वसतिगृहातल्या मुली बऱ्या आहेत.' अप्पा कार्ड वाचून वजनकाट्याखाली अर्धं दिसेल असं ठेवतात आणि नेमकं मी डबा घेऊन गेले की त्यांना समोरच्या दुकानात काम निघतं. मी वाचते. मी वाचते हे त्यांना ठाऊक आहे. आमच्यात त्यावर बोलणं होत नाही. दोन वर्षांत एकाही कार्डावर 'अव्वा' हा शब्द आलेला नाही, हे मी बघितलं आहे.

मग आजच का लिहायला बसले? तवा हसला म्हणून.

काल भाकरी झाल्यावर तवा उलटा ठेवला आणि काजळीवरनं ती लाल ठिणग्यांची रांग पळाली. बाकीच्या बायका म्हणतात, तवा हसला, पाव्हणा येणार. तू सहा वर्षांची असताना माझ्या मांडीला टेकून म्हणाली होतीस, "अव्वा, तवा न्हाई हसत. ते तवचाटे हायत. तवा गार असला की झोपतात, तापला की चाटायला निघतात. घासू नको, पोरं उपाशी मरतील." आणि मी राखेनं खसखसा घासला. तू रडलीस. तव्यासाठी रडणारी पोर मी पहिल्यांदाच बघितली.

तेव्हा माझं ठरलं. लोखंड खाऊन, लोखंड पिऊन, लोखंडातच घर करून राहणारे तुझे जेवढे लोहजीव वहीत होते, ते मला आठवतील तसे लिहून पाठवायचे. वही रद्दीत गेली ही माझी चूक. चुकून गेली, पण माझ्या हातून गेली. एक्केचाळीस होते. सगळे नाही आले तरी जेवढे येतील तेवढे.

तुझ्यासारखेच रकाने पाडते. नाव, राहणी, ओळख.

तवचाट्या तर झालाच.

खिळवासी. खिळ्यांच्या पिंपात राहतो. अंग बारीक, डोकं चपटं, त्यामुळे अप्पांनाही ओळखू येत नाही. गिऱ्हाईक पावशेर खिळे नेतं त्यात हाही जातो. भिंतीत ठोकला तरी मरत नाही, लोकांच्या घरचे फोटो धरून बसतो आणि सगळ्यांची भांडणं ऐकतो.

पत्रपोट्या. दुकानाच्या पत्र्यात राहतो. दुपारच्या उन्हात पत्रा कडाडतो ते त्याचं पोट. ऊन खाऊन पोट भरतं, मावळतीला ढेकर देतो.

कीटपाठ्या. लोहाराच्या भट्टीतून जे कीट पडतं त्याचं घर करून पाठीवर घेऊन हिंडतो. भाडं न देता राहणारा, असं तू लिहिलं होतंस.

आज एवढेच. बाकी माझी तब्येत बरी. गुडघा सोमवारचा उपवास धरत नाही, रोजच कुरकुरतो. उत्तर नाही आलं तरी मी लिहीत जाणार आहे, तेव्हा ते कारण सांगून मला थांबवता येणार नाही.

तुझी अव्वा


उदगीर, शुक्रवार, १८ मार्च

सिंधु,

पत्र परत आलं नाही. त्याचा अर्थ फोडलंस, नाहीतर न फोडता ठेवलंस. दोन्ही चालेल.

इथं पाण्याची तऱ्हा सांगते. विहिरीचा तळ दिसायला लागला, नळ आठ दिवसांनी. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, हातपंप बसवला आहे. दुष्काळाच्या कामातून दोनशे फूट खाली गेले तेव्हा पाणी लागलं. लागलं तेव्हा नारळ फोडला, गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी घागरीत बघितलं तर पाणी तांबूस! वर तुपासारखा पातळ तवंग. तोंडात घेतलं की खिळा चोखल्यासारखं. अप्पांची पांढरी धोतरं दोन धुण्यांत संन्याशाची झाली. वरण शिजत नाही. आणि चहा म्हणशील तर काळाकुट्ट. शेजारच्या केवळाबाई कप हातात घेऊन म्हणाल्या, "गंगम्माबाई, चहा हाय का शाई? पोराला दौतीत भरून देऊ का साळंला जाताना?"

मी म्हटलं, "द्या की. अक्षर तरी सुधारेल."

सगळ्या हसल्या. मला मात्र तू आठवलीस. नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आलीस की दुकानात पोत्यावर बसून निळ्या शाईनं लिहीत बसायचीस. मी पीठ मळत असले की चौकटीला टेकून वाचून दाखवायचीस. मी 'हूं हूं' करायची. तुला वाटत असेल, अव्वाचं लक्ष पिठात आहे. मी मॅट्रिकला शास्त्र विषय घेतला होता हे तुला कधी सांगितलं का ग? उदगीरच्या शाळेत आम्ही तिघीच मुली. बेडकाच्या चित्राला मला पैकीच्या पैकी होते.

पुढचे घे.

उत्तरमुख्या. डोक्यात लोखंडाचे कण असतात म्हणून कायम उत्तरेकडे तोंड करून झोपतो. ह्यावर आपलं भांडण झालं होतं. मी म्हटलं, उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, अशुभ. तू म्हणालीस, "अव्वा, त्याचं डोकं न्हाई, तोंड उत्तरंला हाय. डोकं मागं हाय." मी पीठ मळायचं थांबवून विचार करत राहिले, की असा प्राणी कसा असेल. भाकरी जळली.

चुंबकवेल. हे झाड. लोखंडी गजावरच चढतं. लाकडाचा मांडव दिला तर रुसून सुकतं. मी म्हटलं होतं, तुझ्या थोरल्या काकूसारखं.

गंजश्वासी. सगळ्यांत मला हाच आवडायचा. गंज नाकानं आत ओढतो, बाहेर सोडतो तो निव्वळ वारा. तो जिथं निजतो तिथलं लोखंड लख्ख होतं. स्टेशनातल्या रुळांची पाठ चकचकीत असते ती चाकांमुळे, असं लोक समजतात. खरं म्हणजे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गंजश्वाशांचा कळप रुळांवर निजून गेलेला असतो.

किनवटला तर रेल्वेस्टेशन आहे. तिथल्या रुळांवर दिसतात का?

अव्वा


उदगीर, सोमवार, ४ एप्रिल

सिंधु,

एक गोष्ट झाली आहे. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आज स्वयंपाकाआधीच लिहायला बसले.

हातपंपाच्या ओट्यावर, जिथं पाणी सांडून वाहतं, तिथं तांबडी साय धरायला लागली आहे. शेवाळासारखी, पण हिरवी नाही, विटेच्या रंगाची. बायका खराट्यानं ढकलतात, चार दिवसांत परत हजर. काल महेबूब मिस्त्री पंपाचे नट उघडायला आले. सगळ्या गावचे हातपंप तेच बघतात. पाइप वर ओढला तर आतून तीच साय, बोटभर जाड. मी म्हटलं, "किती गंजला हो नवा पाइप!"

त्यांनी ती चिमटीत धरून माझ्यापुढे केली. "अक्का, हे निस्तं जंग न्हाई. जंग हाताला खरखर लागतो. हे बघा, कसं बुळबुळीत हाय. लातूरला नव्या जिल्ह्याचं पाणी तपासायचं हापिस झालंय. तिथल्या साहेबानं बाटली भरून नेली. म्हणला, मिस्त्री, ह्याच्यात जीव हाय. डोळ्याला न दिसणारे. पाण्यातलं लोखंड खाऊन जगून राहिलेत."

मी म्हटलं, "लोखंड खाऊन?"

"हाव. मी म्हणलं, वा साहेब! मानसाला ज्वारी न्हाई आन ह्यांची मात्र दावत चाललीया!"

केवळाबाई हसत होत्या. मला हसू येईना.  मी तिथंच ओट्यावर बसले, पदर ओला झाला तरी. तुझ्या लोहजीवांना मी भुतं म्हणाले होते. 'शिवानं केले तेवढे प्राणी पुरे नाहीत का, तू आणखी कशाला करतेस' असंही म्हणाले होते. आणि शिवानं तर आधीच करून ठेवले होते, दोनशे फूट खाली. आपल्याला दुष्काळ पडला तेव्हा ते वर आले.

मिस्त्री म्हणाले, शुक्रवारी ब्लिचिंग पावडर टाकून पाइप धुणार, मग हे सगळे मरतील. पाणी सगळ्यांना प्यायचं आहे, मी नको कशी म्हणू? पण मी लोणच्याची काचेची बरणी घासूनपुसून आणली आणि मिस्त्रींना म्हटलं, ह्यात थोडी द्या. ते बरणीत डोकावून म्हणाले, "अक्का, ह्याचं लोणचं न्हाई होत."

बरणी देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली आहे. घरात गार जागा तेवढीच. दुकानातले चार खिळे आत टाकले आहेत. बरोबर केलं का? ह्यांना आणखी काय लागतं? तू प्राणिशास्त्र शिकलीस, तुला ठाऊक असेल.

आणखी आठवलेले लिहून ठेवते. पोलादहाड्या, थंडीत हाडं आखडतात आणि नांगराच्या फाळात शिरून बसतो. कडीबोंडी, दाराच्या कडीला लागणारं फळ, माणूस घरी आलं की वाजतं. झिजजन्मी, विळ्याला धार लावताना जी भुकटी पडते तिच्यातून जन्मतो, घासल्याशिवाय जन्म नाही. आणि साखळसर्प, ज्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते त्यालाही माहीत नसतं.

बाकीचे अजून अडले आहेत. येतील.

अव्वा


उदगीर, मंगळवार, १९ एप्रिल

सिंधु,

तुझं कार्ड आलं. दुकानाच्या पत्त्यावर नाही, घराच्या. पोस्टमननं 'गंगम्मा कोण?' म्हणून हाक मारली. ह्या घरात माझ्या नावाचं टपाल माझी आई गेल्यापासून आलं नव्हतं.

तुझ्या तीनच ओळी. मला पाठ झाल्या आहेत. 'झिजजन्मी मी तुला कधीच वाचून दाखवला नव्हता. एक्केचाळीस होते हेही तुला सांगितलं नव्हतं. अव्वा, तू वही वाचली होतीस?'

तू वकीलच व्हायला हवी होतीस.

हो. वाचली होती.

चुकून रद्दीत गेली नाही. मी आधी लिहिलं ते खोटं होतं. नेहमीप्रमाणे उन्हाळ्यात दुरड्या लिंपायला काढल्या होत्या. तुला ठाऊकच आहे, वर्षभराची रद्दी घंगाळात भिजत घालायची, मेथ्या घालून उखळात कुटायची, तो लगदा बांबूच्या दुरडीला आतून-बाहेरून लिंपून उन्हात वाळवायचा. त्या वर्षी रद्दी कमी पडली. तुझी वही पोत्यावर होती. मी उचलली, उघडली आणि वाचत बसले. तीन दुपारी वाचली. चौथ्या दुपारी भिजत घातली.

भालकीचे पाहुणे तुला बघायला येणार होते. त्यांच्याकडून आधीच कुजबुज आली होती, पोरगी वह्यांत भुतंखेतं काढते म्हणे. मला वाटलं, त्यांच्या हाती वही लागली तर स्थळ जाईल. घरात वही नसली म्हणजे बोलणंही नाही.

तू नांदेडहून आलीस तेव्हा मी कुटत होते. तू उखळात हात घातलास. लगद्यात तुझ्या शाईचा निळा रंग होता. तू फक्त विचारलंस, "किती दिवस झाले भिजत घालून?" मी म्हटलं, "तीन." तू मान हलवलीस, हात धुतलास. ओरडली असतीस तर मला बरं झालं असतं. सोमवारच्या एस.टी.नं तू गेलीस. बुधवारी पाहुणे आले. चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तो मीच वाढला आणि मीच सांगितलं, मुलीला नोकरी लागली.

खरं ते हे. आता रागाव.

अव्वा


उदगीर, बुधवार, २० एप्रिल

सिंधु,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत कळलं, अजून पुरतं खरं लिहिलं नाहीच. पाहुणे खरे, कुजबुज खरी. पण पाहुण्यांपायी वही लपवता आली असती. माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत कोण बघणार होतं?

सकाळी पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि पुढं मंत्रच आठवेना. तशीच उठून लिहायला बसले आहे. अप्पा विचारून गेले, "आज चूल न्हाई का?" मी म्हटलं, "चिवडा आहे डब्यात." ते दोन बश्या घेऊन आले आणि एक माझ्यापुढे ठेवून दुकानात गेले.

चाळिसावं पान. झिजजन्मी. मी तुला ह्या महिन्यात अर्धाच लिहून पाठवला. वहीतलं पुढचं मला शब्दाला शब्द येतं. 'आई दर बाळंतपणात थोडी झिजते. शेवटी इतकी बारीक होते की पिलांना ती दिसत नाही. त्यांना वाटतं, आपण आपोआप झालो.'

हे वाचलं आणि उठून दार लोटून घेतलं. मी इतकी वर्षं कुणाला दिसू दिलं नव्हतं, सिंधु. पोलक्याला ठिगळ असलं की पदर घट्ट ओढायची. तुम्ही जेवायला बसलात की 'मला आज उपवास' म्हणायची. सोमवार नसला तरी. मला वाटायचं, हे कुणाच्याही ध्यानात आलेलं नाही. आणि तू ते सगळं बघितलं होतंस, आणि शाईनं लिहून ठेवलं होतंस, प्राण्याच्या नावाखाली. मला राग आला. पोटची पोर माझी कीव करते असं वाटलं. पान उलटलं तर वर आकडा दिसला, ४१. मी खाली वाचायला थांबलेच नाही. वही मिटली आणि पाण्यात दाबली. वर येत होती, तिच्यावर पाटा ठेवला.

मी तुझी भुतं लपवली नाहीत. मी मला लपवलं.

म्हणून चाळीस मला येतात. अडले आहेत म्हणाले तेही खोटंच, एका दमात सगळे लिहिले असते तर तू ओळखलं असतंस. ते सगळे मी वेगळ्या कागदावर उतरवून ह्या पाकिटात घातले आहेत, अनुक्रमानं. एक्केचाळिसावा मात्र माझ्याकडे नाही. तो तुलाच ठाऊक. मी तो बुडवला, न वाचता. त्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

ती दुरडी घरात आहे. बाकीच्या राखी रंगाच्या झाल्या, ती निळसर आहे. दोन वर्षं तिच्यात आम्ही रोज भाकरी ठेवतो. आता तीत भाकरी ठेवताना हात थांबतो. तू सांग काय करू. भिजवून मोडू म्हणालीस तर मोडते, गंगेत सोडू म्हणालीस तर नांदेडला येऊन गोदावरीत सोडते.

बरणीतली मंडळी जिवंत आहेत. पंप धुतला, तिथली गेली. पाणी आता बरं येतं. खिळ्यांभोवती मात्र तांबडं मखर झालं आहे.

अव्वा


उदगीर, शुक्रवार, १३ मे

सिंधु,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू उद्या येणार, मग स्टांप कशाला लावायचा?

तुझं पत्र सहा मेला आलं. पाकीट चांगलं जाड. मी उंबऱ्यावर बसूनच फोडलं. केवळाबाई म्हणाल्या, "बातमी बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "हाय." आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले, म्हणून त्यांनीच घागर भरून आणून दिली.

तू लिहिलंस, 'अव्वा, झिजजन्मी तुझ्यावरच होता. कीव नव्हती. पिलांना आई दिसत नाही ही पिलांची चूक आहे, असं मला म्हणायचं होतं. एक्केचाळिसावं पान कोरंच होतं. त्याच्यावर ज्याच्या पिलाला आई दिसते असा जीव लिहायचा होता. नाव सुचत नव्हतं, म्हणून आकडा घालून ठेवला. तू काहीही बुडवलेलं नाहीस.' हे वाचून मी किती वेळ बसले ते सांगत नाही.

आणि दुरडीबद्दल तू लिहिलंस, 'मोडू नको. सगळे आतच आहेत. फक्त एकमेकांत मिसळलेत.' मी अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली." मग दुरडी हातात घेऊन आतून बघत बसले आणि म्हणाले, "माझा खिळवासी ह्यातच का?" त्यांनाही ठाऊक होता! तू त्यांना कधी सांगितलास? दोन वर्षं हा माणूस त्या दुरडीतली भाकरी खातो आणि एक शब्द बोलत नाही.

तुझ्या शाळेचा सूक्ष्मदर्शक सुट्टीपुरता घेऊन येतेस म्हणालीस. एस.टी.त मांडीवर धर, टपावर देऊ नको. मुखेडच्या पुढं रस्ता खराब आहे. राग पुरता गेलेला नाही, असंही तू लिहिलंस. तो असू दे. मी काही लगेच गोड बोल म्हणणार नाही. आठ दिवस राहणार आहेस, त्यात एखाद दिवस भांडू. परवा बसवजयंती आहे, तेवढा एक दिवस सोडून.

आता हे पत्र घडी करून निळ्या दुरडीत, फडक्याखाली ठेवते. वर भाकरी येतील. तू जेवायला बसशील आणि दुसरी भाकरी घेताना तुझ्या बोटाला कागद लागेल. पहिल्या भाकरीला लागला तर समज, अप्पांनी तुझ्या आधी हात घातला. आणि हो, उद्या मी तुझ्याबरोबर जेवणार आहे. शनिवार आहे, माझा उपवास नाही. कुठलाच नाही.

एक राहिलं. गेला आठवडाभर मी रोज बरणीपुढे बसते. तुझ्यासारखे रकाने पाडून बघितले. मॅट्रिकनंतर आज शास्त्राचं काही लिहिते आहे, हसू नको. पटलं नाही तर खोड, पण पेन्सिलनं खोड.

क्रमांक ४१.

नाव: लोहसाय.

राहणी: खोल पाण्यात, अंधारात. दुष्काळ पडल्याशिवाय वर येत नाही.

खाणं: जे लोखंड इतरांना घशाखाली उतरत नाही, ते.

ओळख: हलवली की मोडते. स्वस्थ ठेवली की परत धरते. आतला जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. ते माझी सिंधु घेऊन येते आहे.